आधी घोट गिळा

वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांना सगळे मावशी म्हणत. डॉक्टर मावशी म्हणत, सिस्टर मावशी म्हणत, सामान आणणारा टेम्पोवाला मावशी म्हणे, आणि ज्यांना खरं तर मावशींनीच आजी म्हणायचं, त्या नव्वदीच्या आजीबाईसुद्धा दिवसभर "मावशे, अगं मावशे" करत. इतक्या जणांची मावशी झाल्यावर आपल्याला आईबापांनी काही वेगळं नाव ठेवलं होतं, याचा माणसाला विसरच पडतो. मावशींची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. कामावर नाव लागत नाही, हात लागतात, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

आणि मावशींचा हात म्हणजे हात होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस त्या अशी बदलत, की झोपलेल्याला जाग येत नसे. जेवण भरवताना एक शीत उशीवर सांडत नसे. पण त्यांची खरी ख्याती होती ती तोंड पुसण्याची. म्हाताऱ्या माणसाच्या ओठांच्या कोपऱ्यातून थेंब निघाला, की मावशींचा डावा हात त्याच्या डोक्यामागे जाई, उजवा हात खिशातलं मऊ फडकं काढी, हनुवटीपासून ओठाकडे एकदाच, खालून वर, आणि तोंडाने ठरलेलं वाक्य, "झालं हं, झालं. आधी घोट गिळा, मग बोला." घोट तोंडात असताना बोलायला गेलं की म्हाताऱ्यांना ठसका लागतो, म्हणून ते दुसरं वाक्य. नवीन कामाला लागलेल्या मुलींना त्या सांगत, "विचारत बसायचं नाही गं. तू विचारेपर्यंत थेंब गळ्यात, गळ्यातून कपड्यात, आणि मग बस सगळे कपडे बदलत." ही फडकी त्या घरीच करत. नवऱ्याचे जुने बनियन कापायचे, उकळायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. नवरा म्हणायचा, "माझे बनियन माझ्याआधी वृद्धाश्रमात पोचले."

नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. इंजिनांच्या आवाजाने त्याचा एक कान जवळजवळ गेलेला होता, आणि हा कान पुढे संसाराला फार उपयोगी पडला, कारण पन्नाशी उलटल्यावर मावशींनी व्हायोलिन हातात घेतलं.

ते कसं झालं, ते सांगायला हवं. दुपारी जेवणं आटोपली की दुसरा मजला झोपी जायचा. मावशी तेव्हा जिन्याजवळच्या खुर्चीत बसून वाचत. खालच्या बैठकीत लोकांनी देऊन टाकलेल्या पुस्तकांचं एक कपाट होतं, त्यातली निम्मी पुस्तकं कुणी उघडलेलीही नव्हती. त्या कपाटात मावशींना त्यांचा लेखक सापडला. शहरातलाच माणूस, आता बराच वयस्क, सगळे त्याला नुसतं 'लेखक' म्हणत, जणू शहरात दुसरा कुणी लिहितच नव्हता. त्याचं जे मिळेल ते मावशींनी वाचलं, आणि एका कादंबरीशी येऊन त्या थांबल्या. त्यात एक तिकीट तपासनीस होता. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तो व्हायोलिन शिकतो. शिकतो म्हणजे काय, छळतो. खालचे भाडेकरू घर सोडून जातात, बायको माहेरी जाते, आणि हा गडी आपला जिन्यात बसून वाजवतोय. शेवटपर्यंत त्याला धड वाजवता येत नाही. मावशी ते पुस्तक वाचताना हसत हसत रडल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं बघितलेल्या माणसाने एक गोष्ट स्वतःसाठी केली, आणि ती वाईट केली, तरी सोडली नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. कपाटातलं ते पुस्तक परत ठेवून त्यांनी स्वतःसाठी एक नवं विकत आणलं.

नणंदेच्या माळ्यावर भाच्याचं व्हायोलिन पडलेलं होतं. दोन महिने शिकून त्याने ते सोडलं होतं. मावशींनी ते मागितलं तेव्हा नणंद म्हणाली, "कुणासाठी गं?" मावशी म्हणाल्या, "आहे एक जण."

शिकवणी वाद्यांच्या एका दुकानावरच्या खोलीत होती. व्हायोलिनच्या बाई मावशींहून वयाने लहान, काटक, बोलायला तोडून टाकणाऱ्या. पहिल्या दिवशी मावशी खांद्याला व्हायोलिनची पेटी लावून बाकावर बसल्या, तर शेजारची मुलगी म्हणाली, "तुम्ही कुणाला घ्यायला आलात?" मावशींच्या तोंडून निघून गेलं, "येईल आता." मग बाईंनी त्यांनाच पुढे बोलावलं, आणि ती मुलगी मावशींकडे बघतच राहिली. त्या दिवशी मावशींना इतकं ओशाळवाणं झालं, की घरी येऊन त्यांनी नवऱ्याला वर्ग फार छान आहे एवढंच सांगितलं.

सराव त्या वृद्धाश्रमातल्या चादरींच्या खोलीत करत. भिंतीला लागून छतापर्यंत चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. आवाज सगळा कापसात मुरायचा. तरी दाराला कान लावला तर कुणी तरी गंजलेली बिजागरी सावकाश छळतंय, असं वाटे. गजाला, म्हणजे तारांवर ओढायच्या त्या काठीला, राळ लावायची, हनुवटी टेकायची, डाव्या हाताने मान धरायची आणि ओढायचं. घरी वाजवलं तर नवरा मुद्दाम बहिरा कान त्यांच्याकडे करून पेपर वाचत बसे. "छान चाललंय," तो म्हणे. "तुम्हाला ऐकू तरी येतंय का?" "म्हणून तर छान चाललंय."

वर्षाच्या शेवटी वर्गाचा कार्यक्रम झाला. मुलांचे आईबाप खुर्च्यांवर, मुलं ओळीने उभी, आणि मागच्या ओळीत मावशी, एखादा मोठा माणूस चुकून शाळेच्या फोटोत आल्यासारख्या. तालमीत सगळं बरं होत होतं. पण समोर इतकी माणसं बघितल्यावर मावशींनी एक गोष्ट केली, जी त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. त्यांनी गज तारांवर टेकवलाच नाही. मुलं वाजवत होती, आणि मावशी तारांच्या बोटभर वरून हवेत गज फिरवत होत्या, आवाज न करता. टाळ्या झाल्या. एक आई येऊन म्हणाली, "या वयात, कमाल आहे हं तुमची." मावशींना पायाखालच्या फळ्या उचकटून खाली जावंसं वाटलं.

तर अशा या मावशींनी एक दिवस ग्रंथालयाच्या फळ्यावर वाचलं, की लेखक येणार, बोलणार आणि पुस्तकांवर सही करणार.

त्या दिवसापासून मावशींना दुसरं काही सुचेना. लेखकाला काय सांगायचं, ते त्यांनी आरशासमोर ठरवलं. वाक्य एकच होतं: तुमच्या पुस्तकामुळे मी या वयात व्हायोलिन शिकायला लागले. एवढंच. त्यापुढे लेखक काय म्हणेल, ते त्यांनी ठरवलं नव्हतं, पण मनाशी चित्र मात्र रंगवलं होतं. तो वर बघेल. आपल्याकडे बघेल. त्या एका क्षणी आपण कुणाची मावशी नसू, व्हायोलिन शिकणारी एक बाई असू. फार काही मागत नव्हत्या त्या. पण जे मागत होत्या, त्यासाठी त्या महिनाभर झोपेत बोलत होत्या.

सभागृह भरलं होतं. नवरा चांगला कान पुढे करून शेवटच्या रांगेत बसला. मावशी तिसऱ्या रांगेत. लेखक आला आणि टेबलामागे बसला. त्याच्या ओठाचा डावा कोपरा लोकांना दिसला नाही, पण मावशींना बसल्या जागेवरून दिसला. किंचित खाली उतरलेला. गेल्या काही महिन्यांत अर्धांगाचा झटका येऊन गेला असणार, आणि तो कुणाला सांगितलेला नसणार. लेखक मुठीत रुमाल धरून होता आणि बोलता बोलता, विचार केल्यासारखं दाखवत, तो ओठाला लावत होता. फार हुशारीने करत होता. मावशींना कौतुक वाटलं. इतकी लपवाछपवी करणारे त्यांच्या मजल्यावर फार कमी होते.

भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि सहीसाठी रांग लागली. टेबलावरचा माइक बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मावशी पुस्तक छातीशी धरून पुढे सरकत होत्या. ओठांवर ते वाक्य घोळत होतं. समोरचा माणूस बाजूला झाला. लेखकाने ग्लासातून पाण्याचा एक घोट घेतला, मावशींचं पुस्तक उघडलं, डाव्या हाताने पान दाबून धरलं, उजव्या हातात पेन घेतलं. रुमाल मांडीवर राहिला. आणि घोट तोंडात असतानाच तो म्हणाला, "कुणाच्या नावाने लिहू?"

पाण्याचा थेंब ओठाच्या कोपऱ्यातून निघाला आणि हनुवटीवर आला.

मावशींना कळायच्या आत मावशींचे हात गेले. डावा हात लेखकाच्या डोक्यामागे, उजव्या हातात खिशातलं फडकं, खालून वर, एकदाच. आणि त्यांच्याच तोंडून, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खणखणीत आवाजात, जो बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जातो, माइकमधून सगळ्या सभागृहात गेलं:

"झालं हं आजोबा, झालं. आधी घोट गिळा, मग बोला."

आधी कुणी तरी एक जण हसलं. मग सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते, एखाद्या लहान मुलाच्या गमतीला हसावं तसं, प्रेमाचं होतं. आणि तेच जास्त वाईट होतं. लेखकाने घोट गिळला. सांगितल्यासारखा गिळला. मग त्याचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला. त्याने पेनाला टोपण लावलं, रुमाल उचलून तोंडावर धरला आणि तो काढलाच नाही. बाजूला बसलेली त्याची मुलगी उठली. "बाबा, चला," ती म्हणाली, आणि जाता जाता तिने मावशींकडे असं बघितलं, की ते बघणं मावशी पुढे कितीतरी दिवस विसरल्या नाहीत. मागे रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. "काय बाई आहे," असं कुणी तरी म्हणालं. मावशींनी टेबलावरचं पुस्तक उचललं, फडकं खिशात घातलं आणि मान खाली घालून त्या दाराकडे निघाल्या. ते वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं.

रस्त्याने नवरा चांगला कान मावशींच्या बाजूला ठेवून चालला. मग म्हणाला, "अगं, तू काही वाईट केलं नाहीस. पाणी सांडलं, तू पुसलंस."

"मी त्यांना म्हातारं केलं," मावशी म्हणाल्या. "चारचौघांत. ते लपवत होते आणि मला दिसलं होतं. मला दिसलं होतं हो, आणि तरी."

"सवय आहे तुझ्या हाताला."

"तेच म्हणतेय मी."

त्यानंतरचे दिवस मावशींनी तोंड लपवून काढले. ग्रंथालयाच्या रस्त्याने जायचं त्यांनी सोडलं. तो हशा आठवला, की एकट्या असताना सुद्धा त्या डोळे मिटून घेत, आणि कधी कधी तोंडाने "नको, नको" असा आवाज निघे, इतका की एकदा अंघोळ घालताना आजीबाईंनी विचारलं, "काय नको गं मावशे?" पण याहून वाईट गोष्ट पुढेच होती.

दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या पलंगावर एक निवृत्त हेडमास्तर होते. हात थरथरायचा म्हणून त्यांना भरवावं लागे, आणि प्रत्येक वेळी तोंड पुसताना ते मान भिंतीकडे फिरवत. हट्टी म्हणून ते मजल्यावर प्रसिद्ध होते. मावशी नव्या मुलींना सांगत, "सरांची मान आधी धरायची, मग पुसायचं. नाहीतर ते फिरवतात." आता एक दिवस खीर भरवताना थेंब ओघळला, मावशींचा हात निघाला आणि मध्येच थांबला. त्यांना लेखकाचा लाल चेहरा दिसला. सरांचंही तसंच लपवलेलं तोंड, तोच कपाळापर्यंत चढलेला रंग. इतकी वर्षं तो रंग त्यांच्यासमोर होता आणि त्यांनी त्याला हट्ट म्हटलं होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "तोंड पुसू का? की तुम्ही पुसता?"

हेडमास्तरांनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"तोंड. मी पुसू, की तुम्ही?"

त्यांनी फडकं घेतलं. हात कापत होता. फडकं आधी गालाला लागलं, मग नाकाला, मग कुठे हनुवटीला पोचलं. बराच वेळ लागला. मावशी उभ्या राहिल्या. मग हेडमास्तरांनी फडक्याची घडी घालायचा प्रयत्न केला, ती जमली नाही, तसंच ते परत दिलं. "मी इथे येऊन किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली की, सर. बरीच झाली."

"आज विचारलंत," ते म्हणाले. रागाने नाही. हजेरी घेताना एखाद्याच्या नावापुढे खूण करावी, तसे म्हणाले.

मावशी चादरींच्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि चादरींच्या ढिगात तोंड घालून रडल्या. लेखकाची लाज एका माणसापुढची होती. ही लाज सगळ्या मजल्याची होती, गेलेल्या माणसांचीही होती, ज्यांची तोंडं त्यांनी कौतुकाने, भराभर, न विचारता पुसली होती आणि ज्यांच्याकडे जाऊन आता काही बोलता येणार नव्हतं. कोपऱ्यात व्हायोलिनची पेटी होती. ती बघून त्यांना आणखीच वाटलं, की आपण कसली हौस करतोय. जिला माणसाच्या तोंडाला हात कसा लावायचा, ते कळलं नाही, तिने तारांना कशाला लावावा?

सुट्टीच्या दिवशी त्या पेटी घेऊन व्हायोलिनच्या बाईंकडे गेल्या. वर्ग सुटला होता. बाई खुर्च्या भिंतीला लावत होत्या.

"मी सोडतेय," मावशी म्हणाल्या. "जमत नाही."

"का?"

मावशींनी सगळं सांगितलं. सभागृह, माइक, लेखक, सगळं. हेडमास्तरांचं सांगताना त्यांना मध्ये थांबावं लागलं. बाई हसल्या नाहीत. ऐकून घेतलं, शेवटची खुर्ची लावली आणि म्हणाल्या, "त्या कार्यक्रमात तुम्ही गज टेकवला नव्हता. मी समोर उभी होते. मला काय दिसत नाही?"

मावशींच्या कानशिलांपर्यंत धग गेली.

"तेव्हा मी बोलले नाही, म्हटलं पहिली वेळ आहे. आता तुम्ही तेच करताय. घरात बसून लाज वाटून घ्यायची, हे बोटभर वरून वाजवणंच झालं की. त्या माणसापुढे जाऊन माफी मागा. मग सोडायचं असेल तर खुशाल सोडा, माझ्याकडे मुलं पुष्कळ आहेत."

लेखकाचं घर शोधावं लागणार नव्हतं. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत तिसरं घर. बाजारातून येताना मावशी वाट वाकडी करून कितीदा तरी त्या गल्लीतून गेल्या होत्या, आणि गॅलरीत सावली दिसली तर दिवसभर खूश राहिल्या होत्या. आज मात्र पाय उचलत नव्हते. खांद्याला पेटी तशीच. घंटी वाजवली तेव्हा त्यांना मनापासून वाटलं, कुणी घरात नसावं.

दार मुलीने उघडलं. तिने ओळखलं. दार अर्धंच उघडं ठेवून ती म्हणाली, "बाबा कुणाला भेटत नाहीत."

"मला माफी मागायची होती. तुमच्यापाशी ठेवली तरी चालेल."

मुलीने दार आणखी थोडं उघडलं. तिचा आवाज मग जरा खाली आला. "त्या दिवसापासून ते आमच्याबरोबर जेवायलाही बसत नाहीत. खोलीत ताट मागवतात आणि दार लावून घेतात. तुम्ही मुद्दाम केलं नाही, हे कळतं मला. पण काय सांगू."

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"त्या दिवशीच्या बाई आहेत, बाबा. सभागृहातल्या."

मावशी परत फिरणार, एवढ्यात आवाज आला, "पाठव."

खोलीत पुस्तकं होती, एक खाट, खिडकीपाशी खुर्ची, आणि खुर्चीत लेखक, तोंडावर रुमाल धरून. तो रुमालाआडूनच बोलला. "बोला."

"माझं चुकलं," मावशी म्हणाल्या. "मी वृद्धाश्रमात काम करते. माझा हात जातो. पण हात गेला म्हणजे काय झालं, तो माझाच आहे. तुम्ही कुणाला कळू देत नव्हता आणि मी सगळ्यांना सांगितल्यासारखं केलं. त्याची मला फार लाज वाटते."

लेखक खिडकीबाहेर बघत होता. "पुस्तक कुणासाठी आणलं होतं?" त्याने विचारलं. "तिथल्या डॉक्टरांसाठी?"

मावशींना ते बोचलं. पण बोचावं, असंही वाटलं. "माझंच होतं," त्या म्हणाल्या.

आता त्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. मग त्याची नजर खांद्यावरच्या पेटीवर गेली. "आणि हे काय?"

"भाच्याचं व्हायोलिन आहे," मावशी चटकन म्हणाल्या.

"भाचा वाजवतो?"

"नाही."

"मग?"

आपण खोटं बोललो नव्हतो, पण खरंही बोललो नव्हतो, हे मावशींना कळत होतं. गज पुन्हा हवेत फिरत होता. त्यांनी पेटी खाली ठेवली. "मी वाजवते. म्हणजे शिकते. म्हणजे शिकत होते, आता सोडणार आहे." आरशासमोरचं ते सुरेख वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "तुमच्या त्या तिकीट तपासनिसामुळे लागले शिकायला."

"त्याच्यामुळे?" लेखकाचा रुमाल जरासा खाली आला. "अहो, तो भयंकर वाजवायचा."

"म्हणूनच."

लेखकाने पेटीकडे बोट केलं. "वाजवा," तो मग म्हणाला.

"इथे?"

"त्याने तर जिन्यात वाजवलं होतं."

मावशींनी पेटी उघडली. राळेचा तुकडा हातातून दोनदा निसटला. मुलगी दारात येऊन उभी राहिली. मावशींनी व्हायोलिन खांद्यावर घेतलं, हनुवटी टेकली, आणि गज तारांवर ठेवला. टेकवला. एक साधी चाल होती, तीन ओळींची, लहान मुलांची. पहिल्या ओळीत सूर डोकावून गेला. दुसरीत बोट चुकलं आणि असा काही आवाज निघाला, की दारातली मुलगी दचकली. मावशींना थांबायचं होतं.

आणि तेव्हाच त्यांना थेंब दिसला. ऐकण्याच्या नादात लेखकाचा हात रुमालासकट मांडीवर आला होता, तोंड किंचित उघडं होतं, आणि डाव्या कोपऱ्यातून थेंब निघून हनुवटीकडे चालला होता. मावशींचा डावा हात व्हायोलिनच्या मानेत अडकलेला, उजव्यात गज. दोन्ही हातांना ओढ लागली. एवढं निमित्त पुरे होतं. वाद्य खाली ठेवायचं, माफ करा म्हणायचं, फडकं काढायचं, आणि या सगळ्या बेसूर कारभारातून सन्मानाने सुटायचं. त्या क्षणी त्या पुन्हा मावशी झाल्या असत्या, आणि मावशी म्हणून त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

मुलगी पुढे यायला निघाली. लेखकाने तिच्याकडे न बघता हात हलवून तिला थांबवलं. तो ऐकत होता.

मावशी वाजवत राहिल्या. थेंब हनुवटीवर आला, तिथून सदऱ्यावर पडला, आणि मावशी तिसऱ्या ओळीत होत्या. चाल संपली. शेवटचा सूर मधेच सुटला.

लेखकाच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. त्याने शाळकरी मुलासारखी बाहीच तोंडावरून फिरवली, सावकाश, काही घाई नसल्यासारखी. मावशींनी खाली बघितलं नाही, वरही बघितलं नाही, समोर बघितलं.

"फार वाईट वाजवता हो तुम्ही," तो म्हणाला.

"हो."

"दुसऱ्या ओळीत तर माझे दात आंबले. माझा तपासनीस याहून बरा वाजवायचा."

"त्याचं वाचणाऱ्यांना ऐकू येत नव्हतं," मावशी म्हणाल्या.

लेखक हसला. वाकडं, एका बाजूने, तोंड उघडं टाकून हसला, आणि रुमाल मांडीवरच राहिला. दारात त्याची मुलगी चौकटीला टेकून उभी होती. हसू ओसरल्यावर त्याने खुर्ची खिडकीकडून मावशींकडे वळवली. "दुसरी ओळ पुन्हा घ्या," तो म्हणाला. "आणि एवढ्या घाबरून नका वाजवू, गज थरथरतो, इथून दिसतं मला."

मावशी कानापर्यंत लाल झाल्या. वर्गाबाहेर आजवर कुणी त्यांना असं बोललं नव्हतं; नवरा छान म्हणे, कार्यक्रमातली ती आई कमाल म्हणाली होती. लाज वाटली, भरपूर वाटली, पण ही लाज वाईट वाजवणाऱ्या बाईची होती आणि ती त्यांना कुणालाही देऊन टाकायची नव्हती. त्यांनी व्हायोलिन पुन्हा खांद्यावर घेतलं आणि दुसरी ओळ सुरुवातीपासून वाजवली. बोट पुन्हा तिथेच चुकलं.

"परत," लेखक म्हणाला.